चाक सरळ, तर वाट सरळ

नव्या मोबाइलला स्क्रीनगार्ड लावताना स्वतःकडे कधी बघितलंय? श्वास रोखलेला, जीभ किंचित बाहेर, कोपरा कोपऱ्याला जुळतोय की नाही यावर सगळं लक्ष. केसाएवढा जरी तिरका बसला तरी दिवसभर तोच दिसत राहतो. शेवटी आपण तो उचकटून काढतो आणि नवा लावतो. त्याशिवाय जिवाला चैन पडत नाही.

आता जरा खाली पार्किंगमध्ये या. तिथं तुमची लाडकी बाइक उभी आहे. हप्ते भरून घेतलेली, रविवारी शाम्पूनं धुतलेली, जिच्या टाकीवर साधा ओरखडा आला तर अर्धी सोसायटी गोळा होते ती. तिचं मागचं चाक सरळ बसलंय का?

"म्हणजे काय, सरळच असणार ना!"

असणार, हे ठीक आहे. पण बघितलंय कुणी?

तर या आठवड्याचा विषय आहे बाइकचं मागचं चाक आणि त्याला फिरवणारी चेन एका रेषेत आहेत की नाहीत हे तपासणं. लगेच पान उलटू नका. यासाठी हात काळे करावे लागत नाहीत, पाना लागत नाही आणि मेकॅनिकलची डिग्री तर अजिबातच लागत नाही. माझ्याकडे मास कॉमची आहे, तिच्यावर भागतंय. लागतात फक्त पाच मिनिटं आणि एक उघडा डोळा. दुसरा मिटायचा असतो. का, ते पुढे सांगते.

एका मिलिमीटरचा हिशेब

आधी थोडा फंडा क्लिअर करू. इंजिनच्या बाजूला एक छोटं दातेरी चक्र असतं आणि मागच्या चाकाला एक मोठं. या दोघांना म्हणतात स्प्रॉकेट. दोन्हींवरून चेन फिरते आणि गाडी पळते. शाळेतल्या सायकलसारखंच.

मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे आरपार जाणारा दांडा, स्विंगआर्मच्या टोकाला दोन्ही बाजूंनी अडकवलेला असतो. स्विंगआर्मला गॅरेजमध्ये 'चिमटा' म्हणतात आणि तो दिसतोही तसाच. या चिमट्याच्या टोकांना गोल भोक नसतं, लांबट खाच असते. कारण चेन वापरून वापरून लांबते, सैल पडते. मग चाक थोडं मागे सरकवून ती ताणून घ्यावी लागते. त्यासाठी डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन अ‍ॅडजस्टर असतात.

गोम इथंच आहे, मंडळी. दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरकतात. एक बाजू थोडी जास्त सरकली की चाक तिरकं.

थोडं म्हणजे किती? चिमट्याच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण २० सेंटिमीटर धरू. एक बाजू दुसरीपेक्षा फक्त १ मिलिमीटर मागे राहिली, तर दर २०० मिलिमीटरला १ मिलिमीटर तिरकेपणा आला. आपल्या रोजच्या बाइकच्या दोन चाकांमधलं अंतर असतं साधारण १३० सेंटिमीटर. म्हणजे पुढच्या चाकापर्यंत पोचेतो तो तिरकेपणा होतो साडेसहा मिलिमीटर. आणि मागे फरक ३ मिलिमीटरचा असेल, तर पुढे जवळजवळ २ सेंटिमीटर! दोन्ही चाकं एकाच गाडीची, पण एक निघालंय हिंजवडीला आणि दुसऱ्याच्या मनात बाणेर.

हे आपल्याला जाणवत कसं नाही? कारण आपण फार अ‍ॅडजस्टेबल प्राणी आहोत. गाडी डावीकडे ओढते, आपण नकळत हँडल उजवीकडे धरतो. दोन दिवसांत त्याची सवय होते. वर रस्त्यालाच नावं ठेवतो. नाचता येईना अंगण वाकडं!

चेनला मात्र सवय होत नाही. ती बनलेलीच असते वरखाली वाकायला, डावं-उजवं वाकायला नाही. तिरक्या चाकावर ती प्रत्येक फेऱ्याला स्प्रॉकेटच्या दातांना एका बाजूनं घासत जाते. दात झिजतात, चेन झिजते आणि जो चेनसेट आणखी कित्येक हजार किलोमीटर चालला असता तो आधीच बदलावा लागतो. तिथपर्यंत प्रश्न नुसता पैशांचा आहे.

पण सैल आणि तिरकी अशी दोन्ही असलेली चेन एखाद दिवशी दातांवरून उतरू शकते. उतरून नुसती लोंबकळली तर गाडी फक्त थांबते. ती स्प्रॉकेट आणि चाकाच्या मधे अडकली, तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. पार्किंगमध्ये झालं तर हसण्यावारी नेता येईल. ताम्हिणीच्या उतारावर किंवा जुन्या हायवेनं बोरघाट उतरताना, मागून ट्रक येत असताना झालं तर? म्हणून हा विषय.

वाकडं होतं कधी?

चाकणच्या कारखान्यातून निघताना गाडी सरळच असते. चांगल्या सर्व्हिसिंगनंतरही ती सरळच यायला हवी. गडबड होते मधल्या काळात. चाक उघडलं की किंवा चेन ताणली की.

ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरसाठी चाक काढावं लागत नाही, बाहेरूनच काम होतं. पण तारांची चाकं आणि आत ट्यूब असलेल्या गाड्या आजही रस्त्यावर भरपूर आहेत. तिथं मागचं चाक पंक्चर झालं की ते बाहेर काढायचं, ट्यूब ठीक करायची आणि चाक परत बसवायचं. हे सगळं रस्त्याच्या कडेला. आणि टायर कुठलाही असो, चेन टाइट करायची तर एक्सलचा नट सैल करावाच लागतो.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगते. आयटीवाला. ऐन जुलैत ऑफिसला जाताना पंक्चर झालं. नशिबानं पन्नास पावलांवर पंक्चरवाला होता. त्यानं चाक काढलं, ट्यूब ठीक केली. मित्राचं एका हातात रेनकोट, दुसऱ्यात फोन आणि तोंडात एकच वाक्य: "दादा, जरा पटकन करा ना, साडेदहाला क्लायंट कॉल आहे." दादांनी पटकन केलं. कॉलही वेळेवर झाला.

चौथ्या दिवशी वाकडच्या सिग्नलला गाडी उचलताना चेन उतरली आणि चाक अडकलं. वेग असेल-नसेल ताशी २० किलोमीटर, म्हणून थोडक्यात निभावलं. पँट फाटली, कोपर सोलवटलं. त्यानं चार दिवसांत तीनशे लोकांना सांगितलं असेल, की पंक्चरवाल्यानं वाट लावली.

गाडी आम्ही नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे नेली. ते मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि दहा सेकंदांत उठले.

"हे बघा ताई. डावीकडं चौथी खूण, उजवीकडं पाचवी."

"म्हणजे काका, त्या पंक्चरवाल्यानं नीट बसवलं नाही?"

"नाहीच बसवलं. पण त्याला बसवू कुणी दिलं? पाऊस चालू, गाडी कडेला, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. चाक फिरलं, हवा भरली, झालं काम." मग मित्राकडे वळून म्हणाले, "आणि त्यानंतर चार दिवस गाडी तुमच्याकडंच होती ना साहेब? एकदा तरी मागं वाकून बघायचं."

साहेब गप्प. काकांचं म्हणणं रास्त होतं. पंक्चरवाला पंक्चर काढतो. सर्व्हिस सेंटरवाले पुढच्या सर्व्हिसिंगला बघतात. या दोन्हींच्या मधे जे किलोमीटर असतात त्यांत चाकाकडे बघणारा एकच माणूस उरतो. जो गाडीवर बसतो तो.

पाच मिनिटांची तपासणी

सुरुवातीला नियम. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये आणि सपाट जागेवर डबल स्टँडला. ओढणी, बाह्या, लोंबणाऱ्या नाड्या आवरून घ्या. इंजिन चालू ठेवून चेनजवळ बोट न्यायचं नाही म्हणजे नाही! चाक हातानं फिरवतानाही बोट स्प्रॉकेटपासून लांब. चेन बोट आणि तेल यात फरक करत नाही. डबल स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड वापरा किंवा मित्राला गाडी सरळ धरायला सांगून थोडी थोडी पुढे ढकला.

खुणा. चिमट्याच्या दोन्ही टोकांना, एक्सलजवळ, उभ्या रेघा कोरलेल्या असतात. अ‍ॅडजस्टर डावीकडे जितक्याव्या रेघेवर आहे, उजवीकडेही तितक्याव्याच रेघेवर हवा. जुन्या बुलेटला रेघांऐवजी गोगलगाईच्या आकाराची चकती असते, तिच्या खाचा मोजायच्या. चिखलात रेघा दिसत नसतील तर ओल्या फडक्यानं पुसा. वेळ अर्धा मिनिट. माझ्या मित्राचं कोपर एवढ्यावर वाचलं असतं.

डोळा. खुणा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. रेघा जाड असतात आणि एखाद्या गाडीत त्याच किंचित मागेपुढे असू शकतात. म्हणून गाडीच्या मागे उकिडवे बसा, एक डोळा मिटा आणि मागच्या स्प्रॉकेटवरून चेनच्या वरच्या पट्टीवर नजर धरा. बंदूक रोखल्यासारखी. चेन मागून पुढे सरळ रेघेत जायला हवी. स्प्रॉकेट सोडतानाच ती डावीकडे किंवा उजवीकडे मोडल्यासारखी दिसली, तर चाक तिरकं आहे.

दात. आता मागच्या स्प्रॉकेटचे दात बघा. दोन्ही अंगांनी सारखे असतील तर उत्तम. एकाच बाजूनं घासून चकाकत असतील, तर चेन बरेच दिवस तिरकी चालतेय. दातांची टोकं एका दिशेला आकड्यासारखी वळली असतील तर विषयच संपला. तो सेट बदलायला झालाय, आणि बदलायचा तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच. नवी चेन जुन्या दातांवर टिकत नाही.

सैलपणा. खालच्या पट्टीच्या मध्यावर चेन एखाद्या काडीनं वर-खाली करून बघा. बऱ्याच बाइकना साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. काही गाड्यांना चिमट्यावर स्टिकरही असतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार जागी मोजा आणि जिथं सगळ्यात घट्ट लागेल तो आकडा धरा. स्प्लेंडरसारख्या पूर्ण झाकलेल्या चेनच्या गाड्यांना कव्हरवर रबरी बूच असतं, ते काढून आत बघता येतं. आणि हो, 'एकदम टाइट करा' हे वाक्य विसरा. गाडीवर दोघं बसले, खड्डा आला, मागचं चाक वर उचललं गेलं की चेन आणखी ताणली जाते. खेळच ठेवला नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

टेप. खुणांवर विश्वास नसेल तर मोजायचा टेप घ्या. चिमटा पुढे ज्या बोल्टवर हलतो त्याच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडे मोजा, मग उजवीकडे. दोन्ही आकडे सारखे हवेत.

दोरी. ही गवंडीकाकांकडून उचललेली आयडिया. ते भिंत बांधताना दोरी ताणतात, आपण चाकाला ताणायची. पुढचं चाक सरळ ठेवा. एक लांब दोरी मागच्या टायरला मागून वळसा घालून, स्टँडच्या खालून जाईल इतक्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी पुढे आणा. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना जेमतेम टेकेल अशी ती ताणून धरा. पुढचा टायर सहसा थोडा अरुंद असतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना दोरीपासून फट राहील. दोन्हीकडची फट सारखी, तर चाक सरळ. एकीकडे जास्त, तर तिरकं.

खुणा आणि टेप सांगतात सरळ, पण दोरी सांगते तिरकं, असं झालं तर? मग प्रश्न चाक बसवण्याचा नसावा. आधीच्या अपघातात चिमटा किंवा फ्रेम वाकलेली असू शकते. कधी चाक बसवताना एक्सलवरचा डावा-उजवा कॉलर अदलाबदल झालेला असतो. अशा वेळी शहाणपणा बंद आणि गाडी थेट चांगल्या गॅरेजात.

पट्टेवाल्यांसाठी खास

पट्टेवाले म्हणजे ऑफिसात फाइल आणून देणारे नव्हेत. ज्यांच्या गाडीला चेनऐवजी पट्टा, म्हणजे बेल्ट आहे ते.

बेल्टची गंमत अशी, की तो चेनच्या आधीपासून आहे. आपण आज वापरतो ती रोलर चेन हॅन्स रेनॉल्ड या मँचेस्टरच्या इंजिनीअरनं १८८० मध्ये पेटंट केली, पण सुरुवातीच्या मोटारसायकली चामड्याच्या पट्ट्यावरच पळायच्या. १९०३ ची पहिली हार्ले-डेव्हिडसनही तशीच. पुढे चेननं पट्ट्याला हटवलं. १९८० मध्ये हार्लेनं दातांचा मजबूत बेल्ट परत आणला आणि मोठ्या हार्लेंवर तो आजही दिसतो. भारतात मिळणाऱ्या एक्स ४४० ला मात्र चेनच आहे. आता हाच प्रकार वेगळ्या वाटेनं आपल्या गल्लीत आलाय. एथरची ४५० स्कूटर आणि रिव्होल्टची आरव्ही ४०० या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये मोटरपासून मागच्या चाकापर्यंत बेल्टच जातो. अ‍ॅक्टिव्हाच्या पोटातला बेल्ट वेगळा. तो गिअरचं काम करतो, त्याच्यात आपण डोकं घालायचं नसतं.

बेल्टला तेल लागत नाही, आवाज कमी, कपडे काळे होत नाहीत. पण एका बाबतीत तो चेनपेक्षा नाजूक आहे. चेनच्या कड्यांमध्ये आडवा थोडा तरी खेळ असतो, बेल्टमध्ये जवळजवळ नसतो. चाक तिरकं असेल तर बेल्ट पुलीच्या एका काठाकडे सरकतो आणि तिथंच घासत राहतो.

म्हणून गाडी बंद करा, चाक हळूहळू हातानं फिरवा आणि बेल्ट पुलीवर कुठून चालतोय ते बघा. सतत एकाच काठावर दाबून घासत असेल, त्या कडेचे धागे सुटायला लागले असतील किंवा चालवताना चूं-चूं आवाज येत असेल, तर गॅरेज गाठा. दातांना भेगा आहेत का आणि खडा रुतलाय का, तेही बघा. आपल्या रस्त्यांवर खड्यांना तोटा नाही. बेल्टचा ताण अंगठ्यानं दाबून अंदाजे ठरवायचा नसतो. हार्लेच्या पद्धतीत खालच्या पट्टीच्या मध्यावर सुमारे साडेचार किलोचा दाब देऊन बेल्ट किती दबतो ते मोजतात. त्यामुळे ताणायचं काम गेज असलेल्या माणसाकडेच द्या. आणि कृपा करून बेल्टला तेल घालू नका. प्रेम दाखवायला ओलं फडकं पुरतं.

पाना उचलायचाच असेल तर

काहींना स्वतः करून बघायची खाज असते. छान आहे, फक्त क्रम चुकवू नका. आधी एक्सलचा नट सैल करायचा. मग दोन्ही अ‍ॅडजस्टर आळीपाळीनं, अगदी थोडे आणि सारखेच फिरवायचे. डावीकडे पाव फेरा, तर उजवीकडेही पाव फेरा. मधेमधे खेळ मोजा, खुणा बघा, डोळा लावा. जमलं की एक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळायचा. घट्ट करताना चाक हलतं, म्हणून शेवटी पुन्हा एकदा सगळं तपासायचं. नटाला पिन असेल तर ती नवी घालायची.

आणि लाखमोलाची गोष्ट: ब्रेक. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकलं की ब्रेकच्या रॉडचं गणितही बदलतं. पॅडलचा खेळ आणि मागचा लाल दिवा दोन्ही बघा. डिस्क असेल तर निघण्याआधी पॅडल दोन-तीनदा दाबून घट्ट लागतंय याची खात्री करा.

हे सगळं नको असेल तर एकच नियम पाळा. चाक उघडलं की निघण्याआधी मागे वाकायचं. एरवी दर ५०० किलोमीटरला चेनला तेल घालतोच आपण. घालत नसाल तर घाला, आणि डोळ्यांत तेल घालून तेव्हाच बघूनही घ्या.

पुढच्या वेळी पंक्चर झालं की 'पटकन करा' हे वाक्य गिळून टाका. त्याऐवजी म्हणा, "दादा, दोन्हीकडच्या खुणा सारख्या करा, मी थांबतो." असं म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनाही विरळाच भेटतं. काम नीट होईल आणि कदाचित ते स्वतःच तुम्हाला मागे बोलावून रेघा दाखवतील.

क्लायंट कॉलला पाच मिनिटं उशीर होईल म्हणता? ट्रॅफिक होतं म्हणून सांगा. पुण्यात आजवर या कारणावर कुणी शंका घेतलेली नाही.